अंगठा काय करतोय?

"ही दोघं वाजवतायत ना?" आईने मेथी निवडता निवडता विचारलं.

"एकच बाई आहे."

"मग ते खालचं टुंग-टुंग कोण करतंय?"

"तीच."

"आणि वरची चाल?"

"तीही तीच."

"काहीतरीच सांगू नकोस," म्हणत आईने देठं कागदावर बाजूला सारली आणि पुन्हा कान दिला.

रविवारची दुपार, ठाण्याजवळच्या दिव्यातलं आमचं दुसऱ्या मजल्यावरचं घर. ताईची मुलगी नौपाड्याहून राहायला आली होती. ती तेरा वर्षांची आहे, डावखुरी आहे आणि चार महिन्यांपासून गिटार शिकतेय. अल्बम लावला होता तिच्यासाठी, अडकली आई.

आईने विचारलं ते मात्र अगदी नेमकं होतं. नुसत्या अकूस्टिक गिटारवर, म्हणजे केबल नाही, वीज नाही, फक्त लाकडाची पेटी आणि सहा तारा, असं लोकसंगीत पहिल्यांदा ऐकताना हा प्रश्न पडायलाच हवा. एका वाद्यातून दोन माणसांचं वाजवणं कसं येतं? ते एकदा कळलं की असल्या संगीताचा अर्धा दरवाजा उघडतो. उरलेला अर्धा कुठे अडतो, ते ओघाने येईलच.

मी लावला होता तो एलिझाबेथ कॉटन या बाईंचा पहिला अल्बम. अमेरिकेत फोकवेज नावाच्या कंपनीने तो 1958 साली काढला. तेव्हा बाईंची साठी उलटून गेली होती. तुम्हाला शोधायचा असेल तर 'फ्रेट ट्रेन अँड अदर नॉर्थ कॅरोलायना फोक साँग्ज अँड ट्यून्स' या नावाने शोधा, कारण पुढे तो या नावाने पुन्हा निघाला आणि आज याच नावाने सापडतो. फ्रेट ट्रेन म्हणजे मालगाडी.

शिकायला हाच अल्बम का? कारण यात लपायला जागा नाही. गिटार, अधूनमधून आवाज आणि थोडा बँजो (गिटारसारखंच एक तंतुवाद्य), बस. रेकॉर्डिंग स्टुडिओतलं नाही, घरी टेपरेकॉर्डरवर केलेलं आहे. शिवाय ते मोनो आहे, म्हणजे दोन्ही कानांत एकच आवाज येतो. लोकलमध्ये एक इअरफोन कानात आणि दुसरा गळ्यात, पुढचं स्टेशन ऐकू यायला हवं ना, अशा अवस्थेतही यातला एक स्वर चुकत नाही. हा फायदा मला दिवा-ठाणे फेऱ्यांमध्ये कळला.

आता मूळ मुद्दा. गिटारला सहा तारा. तीन जाड, त्यांचा आवाज खर्जातला. तीन बारीक, त्यांचा वरचा. नेहमीच्या उजव्या वादकाच्या मांडीवर गिटार असते तेव्हा जाड तारा छताकडे आणि बारीक जमिनीकडे येतात. त्यामुळे उजव्या हाताचा अंगठा आपसूक जाड तारांवर बसतो आणि पहिलं-मधलं बोट बारीक तारांवर. कामाची वाटणी इथेच होते.

अंगठ्याला एकच काम. एक-दोन-तीन-चार, प्रत्येक मात्रेला एक जाड तार. पण तीच ती नाही, आलटून पालटून. समजा सी कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांचा एक जोड, धरलाय (तारा बारीककडून मोजतात): पाचवी तार, चौथी तार, सहावी तार, पुन्हा चौथी. घड्याळाच्या लंबकासारखा हा अंगठा इकडून तिकडे जात राहतो. आईला ऐकू आलेलं टुंग-टुंग ते हेच. बोटं मात्र मोकळी. ती बारीक तारांवर गाण्याची चाल वाजवतात, आणि गंमत अशी की ती पुष्कळदा मात्रेवर पडतच नाहीत. दोन मात्रांच्या मधल्या फटीत पडतात, थोडी आधी, थोडी नंतर.

आईला मी हे भजनातून सांगायला गेलो. टाळकरी ठाय लयीत टाळ धरून बसलेत, बुवा चाल ओढतायत, एखादा शब्द मागे ठेवतायत, एखादा आधीच टाकतायत, आणि टाळ काही ढळत नाहीत. तसंच. आई म्हणाली, "पण टाळकरी वेगळे आणि बुवा वेगळे असतात." बरोबर. मग तिलाच आठवलं. तिची आई जात्यावर बसायची. हात गोल फिरतोय, जात्याची घरघर एका लयीत चाललीय, आणि त्याच बाईच्या तोंडी ओवी, जी त्या फेऱ्याच्या चौकटीत बसतेही आणि मधेच बाहेरही डोकावते. हात एक करतोय, गळा दुसरं. "त्यांना काही शिकवायला नव्हतं कोणी," आई म्हणाली. गिटारमध्ये फरक इतकाच की दोन्ही कामं एकाच पंजाला करायची असतात.

आणि तिथेच शिकणारे रडतात. आमच्या भाचीचंच पाहा. अंगठा एकटा असतो तेव्हा शहाण्यासारखा चालतो. बोटाने एक स्वर मात्रेच्या मधे टाकला की अंगठा थबकतो, नाहीतर बोटाच्या मागे धावतो. अंगठा बोटांच्या नादी लागतो, असं मी म्हणतो. उपाय एकच: अंगठा इतका घोटायचा की तो आहे हेच विसरायला व्हावं. टीव्ही बघताना, बोलताना, आजीशी भांडताना तो चालत राहिला पाहिजे. मग वर बोटं सोडायची. याला महिने लागतात. म्हणून अल्बममध्ये एखादी बाई हे वाजवता वाजवता गातेसुद्धा, म्हणजे दोनाची तीन कामं करते, तेव्हा तिकडे जरा आदराने बघावं.

ही पद्धत आली कुठून? अमेरिकेच्या आग्नेयेला डोंगर आणि समुद्रकिनारा यांच्या मधला जो पट्टा आहे, त्याला पीडमाँट म्हणतात. आपल्याकडे घाटमाथा आणि कोकण यांच्यामधे काही असतं, तसं समजा (आपल्याकडे ते उभा कडा असतं, हा भाग वेगळा). एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिकडे रॅगटाइम नावाचं पियानोवादन गाजत होतं: डाव्या हाताने उड्या मारत ठेका, उजव्या हाताने मात्रा चुकवत चाल. पीडमाँटमधल्या कृष्णवर्णीय वादकांच्या गिटारवर हाच दोन हातांचा खेळ एका हातात उतरलेला ऐकू येतो. गिटारच्या क्लासात याला 'ट्रॅव्हिस पिकिंग' म्हणतात, ते केंटकीच्या मर्ल ट्रॅव्हिस या वादकाच्या नावावरून. पण त्याचा जन्म 1917 चा. त्याने ती आपल्या भागातल्या जुन्या वादकांकडून उचलली, आणि त्यांच्याही मागे एक कृष्णवर्णीय वादक होता. नाव ज्याचं गाजलं त्याचं पडलं, एवढंच.

कॉटनबाई या पट्ट्यातल्याच. जन्म 1893 च्या सुमाराचा, नॉर्थ कॅरोलायनातल्या कारबरोचा. घराजवळून रेल्वे जायची. भाऊ कामावर गेला की ही त्याचा बँजो गुपचूप घ्यायची. पुढे भाऊ बँजोसकट घर सोडून गेला, तेव्हा स्वतःचं वाद्य हवं म्हणून पोरगी लोकांच्या घरी धुणी-भांडी, झाडलोट करायला लागली. पगार महिन्याला 75 सेंट. त्यातून तिने 3 डॉलर 75 सेंटची गिटार घेतली. हिशेब केलात तर पूर्ण पाच महिन्यांचा पगार होतो. मालगाडीचं गाणं, म्हणजे 'फ्रेट ट्रेन', तिने याच वयात केलं, अकरा-बाराव्या वर्षी.

आमच्या दिव्याला मालगाडी समजावून सांगावी लागत नाही. न्हावा-शेवा बंदरातून निघालेले कंटेनर पनवेलवरून दिव्याला आणि पुढे वसईकडे जातात. रात्री दोन वाजता ते लांबलचक धूड जायला लागलं की खिडकीच्या काचा बारीक थरथरतात, आणि पाहुणे उठून बसतात. घरचे कूस बदलतात. लहानपणी आम्ही फाटकावर उभे राहून डबे मोजायचो. पन्नाशीच्या पुढे कोणाचा तरी आकडा चुकायचाच आणि भांडण लागायचं. त्या काळी रुळांचे सांधे जास्त असायचे, तेरा-तेरा मीटरच्या रुळाला रूळ जोडलेला, म्हणून चाकांचा खडक-खडक असा पक्का ठेका ऐकू यायचा. आता रूळ वितळवून लांबच लांब जोडतात, तो ठेका गेला, फक्त सांधा बदलताना ऐकू येतो. कॉटनबाईंचं गाणं ऐकताना खालचा बेस (खर्जातला तो टुंग-टुंग ठेका) म्हणजे मालगाडीची चाकं, असं कुणी सांगितलं तर ते पटकन पटतं. मला मात्र ते थोडं सोयीचं वाटतं. ज्या गाण्यात गाडीचा उल्लेखही नाही, तिथेही त्यांचा बेस असाच चालतो. गाडीने फार तर त्या लहान मुलीच्या कानाला लयीची सवय लावली असेल.

तर आईला मी सांगत होतो: अंगठा खाली, बोटं वर, अंगठा म्हणजे टाळकरी. तेवढ्यात भाची मोबाइल घेऊन आली. तिने या बाईंचं 1960 च्या दशकातलं एक कृष्णधवल चित्रण शोधून काढलं होतं.

"मामा, तू उलटं सांगतोयस."

"काय उलटं?"

"हिचा अंगठा चाल वाजवतोय. बघ ना."

बघितलं. पोरगी बरोबर होती. वर्षानुवर्षं हा अल्बम ऐकणाऱ्या माणसाला तेरा वर्षांच्या पोरीने गप्प केलं.

झालं होतं असं की कॉटनबाई डावखुऱ्या. लहानपणी हातात आलेलं वाद्य उजव्या माणसाचं, तारा उजव्या माणसासाठी लावलेल्या. त्यांनी तारा बदलल्या नाहीत, वाद्यच उलटं धरलं. म्हणजे आता बारीक तारा छताकडे आणि जाड तारा जमिनीकडे. डावा हात छेडायला. त्याचा अंगठा वर, म्हणजे बारीक तारांवर, आणि पहिलं बोट खाली, जाड तारांवर. सगळ्या जगाचा अंगठा बेस वाजवतो आणि बोटं चाल. या बाईंचं पहिलं बोट बेस वाजवतं आणि अंगठा चाल. उजव्या हाताला कॉर्डही उलटे धरावे लागतात, कुठल्याही पुस्तकातलं चित्र उपयोगी नाही. शिकवायला कुणी नव्हतं म्हणूनच हे जमलं असावं. कुणी असतं तर पहिल्याच दिवशी गिटार सरळ करून दिली असती.

याचा कानाला फरक पडतो का? मला तरी पडतो. अंगठा म्हणजे हाताचा पैलवान, मांसल आणि जड. तो बारीक तारेवर पडतो तेव्हा चालीचा एकेक स्वर गोल आणि भरीव निघतो. आणि बेस पहिल्या बोटाने खालून वर उचललेला असल्याने तो धपधप न पडता जरा उसळतो. दुसऱ्या कुणी तेच गाणं वाजवलेलं ऐका, स्वर तेच असतील, वजन वेगळं असेल.

भाचीला हे सगळं मनापासून लागलं, त्याला कारण आहे. ती जिथे शिकते तिथे पहिल्या दिवशी सांगितलं गेलं, "उजव्याच हाताने शिकायचं, डाव्यासाठी वेगळं काही नसतं." नसतं हे खरं नाही. डावखुऱ्यांसाठी गिटारी मिळतात, पण दुकानात उजव्या वीस टांगलेल्या असतील तेव्हा डावी एखादी, नाहीतर मागवावी लागते. दुसरा मार्ग म्हणजे उजवी गिटार घेऊन तारांचा क्रम उलटा लावायचा, रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स करायचा तसा. त्यात एक भानगड असते. मानेच्या टोकाला जी पट्टी असते, तिला नट म्हणतात, तिच्यातल्या खाचा तारेच्या जाडीप्रमाणे कापलेल्या असतात. जाड तार बारीक खाचेत बसत नाही, बारीक तार रुंद खाचेत हलते आणि खुळखुळते. म्हणजे नट बदलणं आलं. अकूस्टिक गिटारमध्ये खालची हाडासारखी पट्टीही तिरकी बसवलेली असते, तिचा तिरपेपणा उलटतो आणि वरच्या घरात स्वर किंचित बेसूर होतात. तिसरा मार्ग निमूटपणे उजव्या हाताने शिकण्याचा, जो पुष्कळ डावखुरे घेतात आणि उत्तम वाजवतात. चौथा मार्ग कॉटनबाईंचा. तो मी कुणाला सुचवणार नाही. पण नसतो असंही म्हणणार नाही.

आता दरवाजाचा उरलेला अर्धा. आपल्याकडच्या कानाला या संगीताची एक अडचण होते, आणि ती मला माझ्यावरून माहीत आहे. आपण तंबोऱ्यावर वाढलेलो. सा एकदा लागला की लागला, सगळं त्याच्या आधाराने. राग उलगडायची वाट बघायची सवय. इथे दोन-अडीच मिनिटांचं गाणं, चार ओळींची चाल, तीच पुन्हा, तीच पुन्हा. पहिल्यांदा ऐकल्यावर मीही "इतकंच?" म्हटलं होतं. मी वरच्या चालीत काहीतरी घडायची वाट बघत होतो, आणि घडत होतं ते खाली. इथे सा जागेवर असतो, पण चालीखालचा आधार दर काही मात्रांनी बदलतो. त्या आधारालाच कॉर्ड म्हणायचं.

पेटीवर हे पाच मिनिटांत कळतं. आई भजनी मंडळात पेटी धरते, ती काढली. सा धरला पांढरी एक. आता पांढरी एक, तीन, पाच एकदम दाबा: सा, ग, प. हा झाला घरचा कॉर्ड, गिटारवाले याला सी म्हणतात. मालगाडीच्या गाण्याची पहिली ओळ इथून निघते आणि पंचमाच्या कॉर्डवर जाते, दुसरी ओळ तिथून घरी परत येते. इथवर सगळे शुद्ध स्वर, मुलांच्या गाण्यासारखं निरागस. तिसऱ्या ओळीला त्या जो कॉर्ड धरतात त्यात पांढरी तीन, पांढरी सात आणि त्यांच्यामधे काळी चार असते. पांढरी एकच्या हिशेबाने काळी चार म्हणजे कोमल धैवत.

आईने ते तीन स्वर दाबले आणि हात तसाच ठेवला. भाता संपेपर्यंत.

एवढ्या सरळ गाण्यात कोमल धैवताला काही काम नव्हतं. तो येतो आणि एकदम आकाश भरून आल्यासारखं होतं. लगेच पुढचा कॉर्ड येतो: पांढरी चार, सहा आणि वरची एक, म्हणजे म, ध, सा, आणि हा ध शुद्ध. कोमल धैवत एक पाऊल चढून शुद्ध झाला. मग चौथ्या ओळीत घरी. सगळं गाणं त्या एका अर्ध्या पावलावर उभं आहे असं माझं मत. चाल वर जवळजवळ साधीच राहते, रंग खालून बदलतो. म्हणून बेस ऐकायला शिकायचं. गाण्याचे शब्दही काही निरागस नाहीत. पळून चाललेल्या माणसाचं ते गाणं आहे, मी कुठल्या गाडीत बसलोय ते कुणाला सांगू नका म्हणणारं, आणि मेल्यावर गाडीचा आवाज येईल अशा जागी पुरा म्हणणारं. अकरा-बारा वर्षांच्या पोरीने हे कुठून आणलं असेल याचा विचार मी सोडून दिलाय.

ऐकायचं कसं, तर माझी सवय सांगतो. पहिल्यांदा अल्बम नुसता लावून ठेवायचा, कामं करायची. दुसऱ्यांदा एकच गाणं घ्यायचं आणि चालीकडे दुर्लक्ष करून फक्त खालचा बेस तोंडाने गुणगुणायचा. वाटतं तितकं सोपं नाही, कान सारखा चालीकडे पळतो. एकदा बेस पकडला की पायाने तो धरून ठेवायचा आणि मग चाल ऐकायची: कुठला स्वर पायाबरोबर पडला, कुठला पाय वर असताना. इथे अंगावर काटा आला नाही तर हे संगीत तुमच्यासाठी नाही, काही हरकत नाही, भीमसेन जोशी आहेतच. आणि मधेमधे सुईऽऽक असा बारीक आवाज येतो तो दोष समजू नका. जाड तारांवर धातूची बारीक तार गुंडाळलेली असते, कॉर्ड बदलताना बोट तिच्यावरून घसरलं की ती बोलते. हल्ली सॉफ्टवेअरने हे आवाज पुसतात. पुसलेलं वादन मला इस्त्री केलेल्या बनियनसारखं वाटतं.

अल्बममध्ये दोन रचना अशा आहेत की त्यांत गाणं नाही, आणि गिटार लावलेलीही वेगळी आहे. एकीचं नाव 'वॅस्टापोल', दुसरीचं 'स्पॅनिश फ्लँग डँग'. नावं ऐकून भाची हसत सुटली. त्यामागची गोष्ट छान आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत हेन्री वॉरल नावाच्या गिटार शिक्षकाच्या दोन रचना छापून निघाल्या आणि घरोघरी पोचल्या. एक 'सेबास्तोपोल', क्रिमियाच्या युद्धात 1854-55 मध्ये ज्या शहराला वेढा पडला होता त्याच्या नावाची, आणि दुसरी 'स्पॅनिश फँडँगो'. छापील कागदावरून त्या बैठकीच्या खोल्यांतून ओसरीवर आल्या, ओसरीवरून शेतमजुरांच्या झोपड्यांत. कागद मागे राहिला, हात पुढे गेला. नावं तोंडात घासून घासून अशी झाली, आपल्याकडे प्लॅटफॉर्मचा फलाट झाला तशीच.

पण घासलेल्या नावांसोबत एक पक्की गोष्ट टिकली, ती म्हणजे तारा लावायची पद्धत. गिटार नेहमी जशी लावतात तशी नुसती छेडली तर कुठलाच नीट कॉर्ड वाजत नाही, बोटं धरावी लागतात. या दोन रचनांत तारा अशा लावलेल्या असतात की काहीही न धरता छेडलं तरी अख्खा कॉर्ड वाजतो. याला ओपन ट्यूनिंग म्हणतात. आपल्या स्वरांत सांगायचं तर 'वॅस्टापोल'मध्ये जाड तारेपासून बारीककडे सा, प, सा, ग, प, सा असं लागतं, आणि 'स्पॅनिश'मध्ये प, सा, प, सा, ग, प. बघितलंत? हा जवळजवळ तंबोरा झाला, एक गांधार जास्त. पुढे ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं संगीत) वाजवणारे या दोन पद्धतींनाच 'वेस्टापोल' आणि 'स्पॅनिश' म्हणायला लागले, ज्यांनी मूळ रचना कधी ऐकली नाही तेसुद्धा. मालगाडीचं गाणं ऐकून लगेच 'वॅस्टापोल' लावा. मोकळ्या तारा मागे गुंजत राहतात, खोली मोठी झाल्यासारखी वाटते. आपल्या कानाला इथे एकदम घरी आल्यासारखं होतं, आणि त्याचं कारण आता तुम्हाला माहीत आहे.

बँजोवरचे तुकडे मात्र मी बहुतेक वेळा पुढे ढकलतो. माझी आवड.

आता पहिला अल्बम साठीनंतर का? लग्न कोवळ्या वयात, लगेच मुलगी, आणि चर्चमधल्यांचं म्हणणं की ही देवाची गाणी नव्हेत, सोड. गिटार सुटली ती कित्येक वर्षं. पुढे बाई वॉशिंग्टनला आल्या. तिथे एका मोठ्या दुकानात काम करताना त्यांना एक हरवलेली लहान मुलगी सापडली, ती त्यांनी आईच्या हवाली केली. ती आई म्हणजे संगीतकार रूथ क्रॉफर्ड सीगर, नवरा चार्ल्स सीगर संगीताचा अभ्यासक. या ओळखीतून कॉटनबाई सीगरांकडे घरकामाला लागल्या. त्या घरात भिंतीला गिटार टांगलेली असायची. एक दिवस सापडलेल्या त्याच मुलीने, पेगीने, त्यांना ती वाजवताना पाहिलं. लोकगीतं गोळा करणाऱ्या घरात, लोकगीतं ज्याच्यातून येतात ते माणूस स्वयंपाक करत होतं आणि कुणाला पत्ता नव्हता. पुढे पेगीच्या भावाने, माइकने, टेपरेकॉर्डर लावला आणि हा अल्बम झाला.

त्याच्या आधी एक वाईट गोष्ट झाली होती. पेगीने मालगाडीचं गाणं इंग्लंडला नेलं, तिथे ते इतरांनी आपल्या नावावर केलं आणि 1957 साली ब्रिटनमध्ये ते पहिल्या पाचांत पोचलं. म्हणजे बाईंचा स्वतःचा आवाज बाहेर यायच्या आत त्यांचं गाणं परक्या तोंडी लोकप्रिय झालं होतं. नंतर त्यांचं नाव आणि हक्काचा काही वाटा मिळाला. 'लोकगीत' हा शब्द मला तेव्हापासून जरा जपून वापरावासा वाटतो. लोकांचं म्हणजे कुणाचंच नाही, असा त्याचा सोयीस्कर अर्थ काढता येतो. आपल्याकडे हेमा राईरकर आणि गी पॉयट्व्हाँ यांनी जात्यावरच्या लाखाहून जास्त ओव्या गावोगाव फिरून गोळा केल्या. त्या आता 'पारी'च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर ऐकता येतात, आणि तिथे ओवीखाली बाईचं नाव आहे, गाव आहे. आईला मी ते दाखवलं तेव्हा तिने गाणं ऐकायच्या आधी गावाचं नाव वाचलं.

1985 साली, वयाची नव्वदी ओलांडल्यावर, कॉटनबाईंना ग्रॅमी मिळालं. 1987 मध्ये त्या गेल्या. त्याच वर्षी फोकवेजचा सगळा संग्रह अमेरिकेतल्या स्मिथसोनियन या संग्रहालयांच्या संस्थेने घेतला, या अटीवर की त्यातली एकही तबकडी बाजारातून नाहीशी होऊ द्यायची नाही. म्हणून दिव्यातल्या घरात रविवारी दुपारी ती लागू शकते.

संध्याकाळी भाचीने गिटार उलटी धरून बघितली. पहिल्या बोटाने जाड तार उचलायची आणि अंगठ्याने वरची बारीक. चार मात्रासुद्धा धड झाल्या नाहीत, बोटाचं टोक लाल झालं. मग तिने सरळ धरून पाहिली, मग पुन्हा उलटी. आईने आतून विचारलं, "काय गं, ठरलं का?"

"नाही आजी. थांब जरा." आणि माझ्याकडे वळून, "मामा, ते तिसऱ्या ओळीतलं परत लाव ना. पेटीवर नको, तिचंच."